धर्मसत्तेला प्रश्न कोणी विचारायचा? : भगवानगड, मोहाली आणि आपली बुद्ध विहारे

जानेवारी २०२५ च्या अखेरीस तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे भगवानगडावर मुक्कामाला गेले. त्यानंतर गडाचे महंत नामदेव शास्त्री यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की भगवानगड मुंडे यांच्या पाठीशी भक्कमपणे उभा आहे. त्या वेळी बीड जिल्हा मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाने हादरलेला होता. ९ डिसेंबर २०२४ रोजी देशमुख यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारण्यात आले. त्याच्या तीन दिवस आधी पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर दलित समाजातल्या एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि देशमुख तिथे मध्ये पडले होते. खंडणीच्या आड येणारा सरपंच म्हणून त्यांचा जीव गेला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. प्रमुख आरोपी वाल्मीक कराड हे मुंडे यांचे निकटवर्तीय म्हणून जिल्ह्याला माहीत होते.

अशा काळात महंतांनी मंत्र्याची पाठराखण केली आणि आरोपींना आधी मारहाण झाली होती, त्यांची मानसिकताही पाहा, असेही सुचवले. राज्यभर संताप उसळला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला देशमुख कुटुंब स्वतः गडावर गेले आणि आपली बाजू महंतांसमोर मांडली. त्यानंतर गड देशमुख कुटुंबाच्याही पाठीशी असल्याचे महंतांनी सांगितले. ४ मार्चला मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुनाच्या आरोपपत्रात मुंडे आरोपी नाहीत, हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. या लेखाचा प्रश्न त्यांच्या दोषाचा नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. एखाद्या महंताच्या शब्दाला पोलीस तपासाइतके, कधी त्याहून जास्त वजन कसे येते, हा आपला प्रश्न आहे.

दोन महिन्यांनी दुसरी बातमी आली. पंजाबात स्वतःला 'प्रॉफेट', म्हणजे देवाचा संदेष्टा म्हणवणारा पाद्री बजिंदर सिंग याला २०१८ च्या बलात्कार प्रकरणात मोहालीच्या न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी जन्मठेप सुनावली. आजार बरे करण्याच्या त्याच्या सभांना हजारोंची गर्दी व्हायची. त्यात गरीब आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने असायची. त्याआधी २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरील बलात्कारासाठी आसारामला जन्मठेप दिली होती. तो खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. भक्त मात्र तुरुंगाच्या दाराशी आरत्या करत राहिले.

भगवानगडाचे प्रकरण आणि हे दोन गुन्हे एका मापाचे नाहीत. महंतांवर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नाही. पण तिन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. लोकांनी श्रद्धेने ज्याच्या हाती शब्दाची सत्ता दिली, त्याला प्रश्न विचारायची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

स्वप्न सांगणारे आणि स्वप्नाचा अर्थ लावणारे

आपल्या भागात 'दृष्टांत झाला' हे दोन शब्द फार मोठे आहेत. देवाने स्वप्नात येऊन सांगितले म्हटले की देऊळ उभे राहते, जागा सुटते, वर्गणी जमा होते आणि कधी कधी घरातली सून पांढऱ्या पायाची ठरते. ख्रिस्ती प्रार्थना मंडळांतही स्वप्नाला मान आहे. देवाने मला स्वप्नात दाखवले, असे सांगून पाद्री कोणाचे लग्न ठरवतो, तर कोणाला नोकरी सोडायला लावतो. याच मंडळांतून उलटी स्वप्नेही सांगितली जातात : मेंढपाळच मेंढरांची लोकर ओरबाडत आहेत, चर्चचे पुढारी आपला अधिकार वापरून माणसांना दाबत आहेत. म्हणजे धर्मसत्तेविरुद्धची तक्रारही स्वप्नाच्या भाषेत येते, कारण जागेपणी उघड बोलायला जागा नसते.

बायबलमध्ये हा इशारा जुनाच आहे. यिर्मयाच्या पुस्तकात 'मला स्वप्न पडले' म्हणत लोकांना फसवणाऱ्या संदेष्ट्यांवर कडक टीका आहे. यहेज्केलाच्या पुस्तकात कळप उपाशी ठेवून स्वतःचे पोट भरणाऱ्या मेंढपाळांना दोष दिला आहे. आपल्या शेजारच्या नगरला राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही सामावणारा 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ती धर्मातही धर्मसत्तेला आतून आव्हान देणारी माणसे होती आणि आहेत. एका बजिंदर सिंगमुळे सगळ्या समाजाला झोडपणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्याकडेही अशा स्वप्नांची एक कथा आहे. जातककथांमधल्या महासुपिन जातकात कोसलचा राजा प्रसेनजित याला एका रात्री सोळा विचित्र स्वप्ने पडतात. तो घाबरून पुरोहितांना बोलावतो. ते सांगतात की राज्यावर, संपत्तीवर किंवा जिवावर संकट आहे, मोठा यज्ञ करून असंख्य पशूंचा बळी द्यावा लागेल. एक तरुण शिष्य गुरूला विचारतो की एवढ्या जिवांचा बळी कशासाठी? गुरू त्याला गप्प करतो. यात आपल्याला केवढी कमाई आहे, हे तुला कळत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. शेवटी राणी मल्लिका राजाला बुद्धाकडे पाठवते. बुद्ध आधी त्याची भीती काढून टाकतात. तुला यातले काहीही बाधणार नाही, असे सांगून ते स्वप्नांचा अर्थ राज्यकर्ते आणि धर्मपुढारी यांच्या वागण्याशी जोडतात.

एका स्वप्नात राजवाड्याच्या दारात एक भरलेला रांजण आहे आणि भोवती अनेक रिकामे रांजण आहेत. चारही दिशांनी लोक पाणी आणून भरलेल्याच रांजणात ओततात. तो वाहून जातो, तरी रिकाम्याकडे कोणी पाहत नाही. अर्थ असा की अधर्मी राज्यकर्त्यांच्या काळात लोक स्वतःची कणगी रिकामी ठेवून राजाची कोठारे भरतील. दुसऱ्या स्वप्नात लाख मोलाचे चंदन आंबट ताकाच्या बदल्यात विकले जाते. अर्थ असा की पुढच्या काळात भिक्खू चीवर, भोजन आणि पैशासाठी धम्म विकतील. हा इशारा परधर्मीयांसाठी नाही, आपल्याच संघासाठी आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आष्टी तालुक्यात भरलेल्या रांजणाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुलाची फी थकलेली असते, तरी सप्ताहाची, यात्रेची आणि महाराजांच्या बिदागीची वर्गणी आधी जाते. वर्गणी न देणाऱ्याचे नाव चारचौघांत घेतले जाते.

श्रद्धेचे भांडवल कसे तयार होते

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने सत्तेचे तीन प्रकार सांगितले : परंपरेची, कायद्याची आणि करिष्म्याची. करिष्म्याची सत्ता माणसाच्या असामान्यपणावरील विश्वासावर उभी असते आणि तो माणूस गेला की ती गादीत, संस्थेत, वारसात मुरते. मूळ माणसाने कष्टाने कमावलेला विश्वास मग पुढच्या माणसाला फुकट मिळतो.

भगवानबाबांचे उदाहरण घ्या. ऊसतोड मजुरांच्या कष्टकरी समाजात त्यांनी शिक्षणाचा आग्रह धरला. जमीन विकावी लागली तरी चालेल पण मुलांना शाळेत घाला, ही त्यांची शिकवण लोक आजही सांगतात. त्या कामामुळे लोकांचा गडावर जीव आहे आणि त्या प्रेमाची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याच प्रेमातून जमलेला विश्वास पुढे राजकारणाचे भांडवल झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या काळात गडावरचा दसरा मेळावा सत्तेचे व्यासपीठ बनला. २०१६ मध्ये याच महंतांनी गडावर राजकीय भाषण नको, अशी भूमिका घेतली आणि पंकजा मुंडे यांना गडाच्या पायथ्याशी सभा घ्यावी लागली. पुढच्या वर्षापासून मेळावा सावरगावला गेला. ती भूमिका योग्य होती. त्यामुळेच २०२५ चे विधान अधिक खटकते. गड राजकारणापासून दूर ठेवायचा, तर तो सर्व राजकारण्यांपासून दूर हवा.

२०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर मनोज जरांगे यांचा मेळावा झाला आणि सावरगावला पंकजा मुंडे यांचा. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे जातीची बेरीज. आमच्या जिल्ह्यात गड हे आता जातींचे पत्ते झाले आहेत. दोन्ही गडांच्या मधल्या गावांत राहणाऱ्या आपल्या दोन-चार घरांना याचा अर्थ नीट कळतो. तणाव वाढला की पहिला दगड कोणाच्या पत्र्यावर पडतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

उपाय म्हणून धर्मांतरबंदी नको

पाद्र्यांच्या गैरप्रकारांच्या बातम्या आल्या की लगेच धर्मांतरविरोधी कायद्याची मागणी पुढे येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करण्यासाठी सात जणांची समिती नेमली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या वारसांनी इथे सावध राहायला हवे. धर्म बदलण्यासाठी अधिकाऱ्याची परवानगी लागली असती, तर नागपूरची दीक्षाभूमी घडली असती का?

बजिंदर सिंगला शिक्षा झाली ती बलात्काराच्या कायद्याने. आसारामलाही तसेच. लहान मुलांसाठी पॉक्सो आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी आयुष्य घालवले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतरच तो आला. दैवी शक्तीचा दावा करून केलेली फसवणूक आणि लैंगिक शोषण त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा कमी पडतो तो तक्रार नोंदवताना. बाई पोलीस ठाण्यात गेली की आधी तिच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते आणि गावातून निरोप येतो की महाराजांचे नाव घेऊ नको.

बुद्धाने स्वतःलाच तपासायला सांगितले

'कोणी सांगितले म्हणून मानू नका', हा कालामांना दिलेला उपदेश आपण भाषणात हमखास सांगतो. त्याहून पुढे जाणारे एक सुत्त आहे, मज्झिम निकायातले वीमंसक सुत्त. त्यात बुद्ध भिक्खूंना सांगतात की स्वतः तथागताचीही परीक्षा करा. तो डोळ्यांना दिसतो तसा, कानांना ऐकू येतो तसा तपासा आणि मग विश्वास ठेवा. स्वतःला तपासायला सांगणारा धर्मसंस्थापक जगाच्या इतिहासात सहज सापडत नाही.

बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर मगधाचा मंत्री वस्सकार आनंदाला विचारतो की तुमचा वारस कोण? आनंद सांगतो की बुद्धाने कोणालाही वारस नेमले नाही, आमचा आधार धम्म आहे. आम्ही दर पंधरवड्याला जमतो, पातिमोक्ख म्हणतो आणि कोणाकडून दोष घडला असेल तर नियमाप्रमाणे त्याच्यावर कारवाई करतो. इथे गादी नाही, नियम आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हेच ठळक केले : बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही.

विनयातले तीन नियम तरुणांनी मुद्दाम वाचावेत. पहिला, चौथा पाराजिक. वज्जी देशात दुष्काळ पडला तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी एकमेकांना मोठी सिद्धी मिळाल्याचे गृहस्थांना सांगितले. लोकांनी मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना जेवू घातले. बुद्धाने अशांना सर्वांत मोठे चोर म्हटले. खोट्या सिद्धीचा दावा करणारा भिक्खू संघातून बाद, हा नियम त्यातून आला. दुष्काळात उपाशी माणसाच्या श्रद्धेवर जगणे म्हणजे चोरी, हे इतक्या स्पष्टपणे तेव्हा सांगितले गेले.

दुसरा, अनियत नियम. एखादा भिक्खू स्त्रीसोबत एकांतात बसलेला विश्वासू उपासिकेने पाहिला आणि तसे सांगितले, तर तिच्या शब्दावरून त्याची चौकशी होते. हा नियम विशाखेच्या तक्रारीतून आला. तक्रार करणारी बाई गप्प बसवली गेली नाही, तिच्यामुळे नियम बनला.

तिसरी गोष्ट कोसंबीची. भिक्खूंचे दोन गट भांडत राहिले, बुद्धाचेही ऐकेनात. तेव्हा तिथल्या उपासकांनी त्यांना भिक्षा देणे, वंदन करणे बंद केले. काही दिवसांत भिक्खू समेटासाठी बुद्धाकडे गेले. दान थांबवण्याचा अधिकार सामान्य माणसाकडे आहे, हे त्या लोकांना माहीत होते.

आता आपल्या घरात पाहू

दुसऱ्याच्या महंतावर आणि पाद्र्यावर बोट ठेवणे सोपे आहे. जुलै २०२५ मध्ये थायलंडमध्ये अनेक वरिष्ठ भिक्खूंना चीवर सोडावे लागले. स्त्रीशी संबंध, ब्लॅकमेल आणि विहाराच्या पैशाचा गैरवापर असे ते प्रकरण होते. पण थायलंड लांब आहे. महाराष्ट्रात संघरक्षित हे नाव आदराने घेतले जाते. १९५६ नंतर गोंधळलेल्या नवदीक्षितांसोबत ते उभे राहिले. त्यांनी उभारलेल्या चळवळीतून इथे वसतिगृहे आणि आरोग्याची कामे झाली, हे खरे आहे. ब्रिटनमधल्या काही पुरुष शिष्यांनी त्यांच्यावर लैंगिक संबंधांत गुरूपदाचा गैरफायदा घेतल्याचे आरोप केले आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी दुखावलेल्यांची जाहीर क्षमा मागितली, हेही खरे आहे. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे या विषयावर क्वचितच कोणी मोकळेपणी बोलते. बोलल्याने वसतिगृहातल्या मुलांचे नुकसान होईल, शत्रूला आयते हत्यार मिळेल, अशी भीती असते. प्रत्येक धर्मसंस्था अन्याय झाकताना नेमकी हीच दोन कारणे देते.

आमच्या तालुक्यात फिरताना दिसणारे चित्र असे आहे. विहार लोकवर्गणीतून उभे राहते. ट्रस्टची नोंदणी एका-दोन घरांत अडकते. विश्वस्त वारले तरी बदल अर्ज दाखल होत नाही. एका गावात दोन तरुणांनी विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागितला, तेव्हा ज्येष्ठांनी त्यांना सुनावले की दानाचा हिशेब विचारायचा नसतो. ती मुले आता विहारात येत नाहीत. निवडणूक लागली की उमेदवाराच्या शेजारी चीवर दिसते. परित्राण पाठाचा दोरा आजार बरा करतो असे सांगणारेही आहेत, आणि त्यांना विरोध केला की 'तू मोठा शहाणा झालास का' असे ऐकावे लागते.

बुद्धगयेचे महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावे म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू आणि उपासक आंदोलन करत आहेत. १९४९ च्या कायद्याने बौद्धांना त्या समितीत निम्म्याच जागा दिल्या आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवले. ही मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. पण महाविहार चालवायचा हक्क मागणाऱ्या समाजाला गावातले विहार पारदर्शकपणे चालवता आले पाहिजे. विरोधक हा प्रश्न विचारणार आहेत. त्याआधी आपणच तो विचारलेला बरा.

काय करता येईल

पहिले, विहाराचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेला आहे का, विश्वस्त कोण, लेखापरीक्षण कधी झाले, हे पाहा. हे पाहणे म्हणजे कोणावर अविश्वास नाही. विश्वस्त मंडळात महिला आणि ३५ वर्षांखालील सदस्य असलेच पाहिजेत, असा ठराव करा.

दुसरे, जमा-खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लावा. दिलेले दान पन्नास रुपये असो की पाच हजार, नाव आणि खर्च दिसला पाहिजे.

तिसरे, शिबिरे, श्रामणेर वर्ग आणि वसतिगृहे यांसाठी तक्रार ऐकणाऱ्या दोन महिला ठरवा. त्यांपैकी एक त्या संस्थेबाहेरची असावी. मुलाबाळांचा प्रश्न असेल तर संस्थेत चर्चा करत बसू नका, सरळ पोलिसांकडे जा. पॉक्सोमध्ये माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे.

चौथे, विहाराच्या व्यासपीठावरून कोणत्याही उमेदवाराला आशीर्वाद नको, मग तो आपल्या पक्षाचा असला तरी. नाही तर भगवानगडाबद्दल बोलण्याचा अधिकार आपण गमावतो.

पाचवे, शेजारच्या समाजातली बाई किंवा मुलगा एखाद्या महाराजाविरुद्ध, पाद्र्याविरुद्ध, मौलवीविरुद्ध उभा राहिला, तर त्याची जात-धर्म न पाहता त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. मस्साजोगचा सरपंच मार खाणाऱ्या दलित सुरक्षारक्षकासाठी धावून गेला होता. त्याने आधी जात विचारली नव्हती.

या सगळ्यासाठी दिवसही परंपरेने ठरवून दिलेला आहे. वर्षावास संपतो तेव्हा आश्विन पौर्णिमेला पवारणा होते. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू, अगदी सर्वांत ज्येष्ठ थेरसुद्धा, हात जोडून संघाला विनंती करतो की माझ्या हातून काही चूक झालेली तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. आपल्या गावांत ही पौर्णिमा खीरदान आणि प्रवचनात संपते. येत्या आश्विन पौर्णिमेला प्रत्येक विहारात एक तास राखून ठेवा. विश्वस्तांनी हिशेब वाचावा, भंतेजींनी आणि धम्मचारींनी प्रश्न घ्यावेत आणि पहिला प्रश्न एखाद्या उपासिकेला विचारू द्यावा. आष्टी, कडा, धामणगाव परिसरातल्या ज्या विहारांना हे सुरू करायचे आहे, त्यांनी आतापासून गावबैठका लावाव्यात. आम्ही काही कार्यकर्ते त्यासाठी यायला तयार आहोत.

नमो बुद्धाय, जय भीम!